पाडलेलं झाड चित्रात घ्यायचं का? गावी बसून रेखाटन करणाऱ्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठी. वर्षातून दोन-तीनदा जाणं होतं. स्केचबुक घेऊन परड्यात (घराजवळच्या मोकळ्या आवारात) नाहीतर बांधावर बसते. थोड्याच वेळात आई, आजोबा, सगळं डोळ्यांपुढं येतं आणि हात थांबतो. कधी नकळत पूर्वीचंच काढलं जातं. गोठ्याजवळचा मोठा कडुलिंब रस्ता रुंद करताना पाडला, तरी तो चित्रात येतोच. लहानपणी सोप्यातून (ओसरीतून) नदीकाठची झाडं दिसायची, आता नुसता ऊस दिसतो. पुण्यात घरी फोटो बघून काढलं तर चित्र नीटनेटकं होतं, पण त्यात जीव नसतो. जागेवर बसणं सोडून फोटोवरून काढू का? आणि नसलेलं झाड चित्रात घातलं तर ती लबाडी होते का?"

ताई, आधी तुमच्या प्रश्नाची फोड करते, कारण त्यात दोन वेगळे पेच एकमेकांत अडकलेत. पहिला, आठवणी आल्या की हात थांबतो. दुसरा, हात चालू राहिलाच तर समोर नसलेलं काहीतरी कागदावर उमटतं. तुम्ही दोन्हींचं खापर आठवणींवर फोडलंय, ते मला पटत नाही. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवली, कराडला राहते आणि वाईपासून खाली औदुंबरपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर बसून चित्रं काढत आले. त्यावरून माझं मत असं झालंय की आठवण येण्यानं चित्र बिघडत नाही. आठवण आली की नजर समोरच्या वस्तूवरून उठते आणि लवकर परत येत नाही, त्यानं बिघडतं. तेव्हा आठवणी अडवायचा खटाटोप करू नका. आपल्याच गावात, शेणामातीच्या वासात, तासभर गप्प बसल्यावर त्या येणारच. नजर परत कशी आणायची तेवढं शिकायचं, आणि ते शिकता येतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर आहेत. घरचं माणूस जाऊन किती काळ झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. दुःख ताजं असेल तर घराचं चित्र एवढ्यात काढू नका. परड्यात बसा, पण घराकडं पाठ करून बसा आणि बाहेरचं काढा. शेजाऱ्यांची कडब्याची गंजी, बांध, रस्त्याकडेची बाभळ, काहीही. घर पाठीशी असतं, भांड्यांचे आवाज कानावर येत असतात, तेवढं पुष्कळ होतं. घराकडं तोंड करून बसावंसं कधी वाटेल ते तुमचं तुम्हाला कळेल, त्याची घाई करायची नाही. जागा अजून भावाकडं आहे की दुसऱ्याकडं गेलीय, यावरही बरंच ठरतं, कारण परक्याच्या झालेल्या अंगणात बसून नजर स्थिर ठेवणं जास्त अवघड जातं. आणि चित्र कशासाठी हवंय तेही मनाशी ठरवा. नातवंडांना घर कसं होतं ते दाखवायचं असेल तर मापं सांभाळावी लागतील. फक्त तुमच्यासाठी असेल तर मोकळीक जास्त.

आता नसलेलं का उमटतं ते सांगते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. वर्गात मुलांना 'गावाचं दृश्य' म्हटलं की कागदावर आधी दोन त्रिकोणी डोंगर येतात, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक नागमोडी नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. ही मुलं सातारा जिल्ह्यातली. त्यांच्या वर्गाच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याला टोकच नसतं. आपल्याकडचे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. कठीण थर होता तिथं उभा कडा राहिला, ठिसूळ होता तिथं उतार झाला, पुन्हा कडा, पुन्हा उतार. म्हणून यवतेश्वरचं पठार बघा, पाचगणीचं टेबललँड बघा, चंदन-वंदन बघा. माथा पसरट आणि अंगावर आडवे पट्टे. एका डोंगरावरचा पट्टा नजरेनं तसाच सरळ पुढं नेला तर दरीपलीकडच्या डोंगरावरही बऱ्याचदा त्याच उंचीवर सापडतो. हे मुलं रोज बघतात आणि तरीही त्रिकोण काढतात, कारण डोक्यात 'डोंगर' म्हणून एक ठरीव खूण बसलेली असते आणि हात ती खूण उतरवून मोकळा होतो.

तुमच्या कडुलिंबाचं तेच होतंय. माया खरी आहे, पण कागदावर उतरतो तो कुठलाही कडुलिंब असतो. एक खोड, वर गोल घुमट, खाली पार. तो तुमच्या गोठ्याजवळचा व्हायला हवा असेल तर त्याच्या खाणाखुणा लागतील. त्या कशा मिळवायच्या ते शेवटी सांगते. आधी बैठक नीट बसवू.

माझी पहिली सूचना तुम्हाला कोरडी वाटेल, पण बैठक सावरायला तीच सगळ्यात जास्त कामाला येते. गावी बसलात की चित्राची सुरुवात तुमच्या लहानपणी जे नव्हतं त्यापासून करा. विजेचा खांब, विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर), ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचं स्लॅबचं घर. ह्या वस्तूंत तुमचं काही गुंतलेलं नाही, म्हणून त्यांच्याकडं निवांत बघता येतं. शिवाय त्या सरळ उभ्या-आडव्या असतात, त्यांच्यावरून माप घेता येतं. हात लांब करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा, खांबाची उंची पेन्सिलीवर अंगठ्यानं धरा आणि त्या मापात घराची रुंदी किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकवू नका, नाहीतर प्रत्येक माप वेगळं येतं. एवढं केलं की घर आपसूक त्याच्या जागी, त्याच्या आकारात बसतं. बहुतेक जण गावच्या चित्रातून खांब आणि तारा वगळतात, गाव 'जुनं' दिसावं म्हणून. मी माझ्या विद्यार्थ्यांना खांब आधी काढायला लावत असे.

दुसरी गोष्ट, वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागा काढा. गोठ्याचं छप्पर आणि घराची भिंत यांच्यामध्ये आभाळाचा जो तुकडा दिसतो त्याचा आकार काढा. त्या तुकड्याला नाव नसतं, त्याची काही आठवण नसते, त्यामुळं डोक्यातली ठरीव खूण मध्ये येत नाही. असे तीन-चार तुकडे बरोबर आले की गोठा न काढताच गोठा उभा राहतो.

तिसरी गोष्ट आठवणींची. त्या आल्या की हात थांबवून बसू नका आणि हुसकूनही लावू नका. स्केचबुकाचं डावं पान रिकामं ठेवा. आजोबा आठवले तर डाव्या पानावर दोन शब्द लिहा: 'आजोबा, दावण, पितळी तांब्या.' पूर्ण वाक्य लिहीत बसायचं नाही. लिहिलं की मन निर्धास्त होतं, ही गोष्ट आता हरवणार नाही असं त्याला कळतं, आणि नजर समोर येते. परत आल्यावर जिथं रेघ सोडली होती तिथूनच उचला. संध्याकाळी उजव्या पानावर आजचं परडं असतं आणि डाव्यावर आठवणींची एक यादी. ती यादी पुढं फार कामाला येते.

डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, त्याला काही इलाज करायला नको. पेन्सिलचित्राला त्यानं धक्का लागत नाही.

नीट बघण्यातून आठवण कशी मिळते, याचं एक उदाहरण देते. माझं आजोळ खटाव तालुक्यात, दुष्काळी भागात. तिथं घरामागं आड आहे. त्याच्या काठाच्या काळ्या दगडांना पोहऱ्याच्या दोरानं खाचा पडल्यात. लांबून बघितलं तर काठ दंतुर दिसतो, एवढंच. मी जवळ बसून एकेक खाच काढायला घेतली तेव्हा लक्षात आलं की त्या सारख्या नाहीत. पूर्वेकडच्या दोन खाचांत बोटाची दोन पेरं आत जातात, पश्चिमेकडं नुसती रेघ उमटलीय. खोल खाचांची आतली बाजू गुळगुळीत आहे आणि ती जराशी डावीकडं कललीय. म्हणजे शेंदणारी बाई उजव्या अंगाला उभी राहायची आणि दोर तिरपा ओढायची. तिथं उभं राहून बघितलं तर पाठीवर सावली होती आणि समोर घराचं मागचं दार. आजी तिथं का उभी राहत असेल ते तेव्हा कळलं: पाणी ओढता ओढता तिला पोरांवर आणि चुलीवर नजर ठेवता येत होती. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, माझ्या आठवणीतही नव्हतं. दगड काळजीपूर्वक काढल्यामुळं ते मिळालं. खाचांच्या जागी चार ढोबळ रेघा मारून मी पुढं गेले असते तर आजीची फक्त तीच नेहमीची आठवण हाती राहिली असती, जी मी आधीपासून सांगत होते.

तुमच्याकडं शेतात जुनी मोटेची विहीर असेल तर तिथं अवश्य बसा. मोट गेली, इंजिन आलं, मग वीज आली, तरी धावेचा (मोट ओढताना बैल चालायचे त्या वाटेचा) उतार आणि थारोळ्याचे (मोटेचं पाणी पडायचं त्या कुंडाचे) दगड बऱ्याच ठिकाणी शाबूत असतात. हे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात ते समजून घ्यायचं असेल तर साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटेची विहीर बघून या. शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली. वरून बघितलं तर अष्टकोनी, आत उतरायला जिना आणि मध्ये चक्क महाल. मोटा जिथं बसवत त्या जागा तिथं स्पष्ट दिसतात. एकदा ते डोळ्यांखालून गेलं की आपल्या शेतातला एक सुटा दगडही थारोळ्याचा आहे की धावेचा, ते ओळखता येतं.

आता ऊस. तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते तुमच्या अर्ध्या अडचणीचं मूळ तिथं आहे. कृष्णाकाठच्या सपाट रानात उभा ऊस दहा-बारा फूट जातो. बांधावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून जेमतेम तीन फुटांवर. म्हणजे तुमच्यासमोर हिरवी भिंत आहे आणि भिंतीपुढं बसलेल्या माणसाला काढण्यासारखं काही सापडत नाही. मग नजर आत वळते. पूर्वी तुमच्याकडं भुईमूग, हरभरा अशी कमरेखालची पिकं जास्त असायची, शाळूही माघ-फाल्गुनात काढून व्हायचा आणि रान मोकळं पडायचं. सोप्यातून नदीकाठची झाडं दिसायची ती त्यामुळं. ती झाडं कदाचित आजही असतील.

म्हणून जाण्याची वेळ बदलून बघा. कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन साधारण मार्चपर्यंत चालतो. भावाला फोन करून विचारा, घरासमोरच्या फडाला तोड कधी येतेय. ऊस तुटला की लांबवरचं एकदम खुलं होतं. नदीची झाडी, पलीकडची गावं, हवा स्वच्छ असेल तर मच्छिंद्रगडाच्या बाजूचे डोंगर. खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक) राखला असेल तर तो पुन्हा वर येईपर्यंत हे दिवस तुमचे. जमीन पाचटाची (उसाच्या वाळक्या पाल्याची), फिकट पिवळी, तिच्यावर झाडांच्या सावल्या स्वच्छ पडतात, रेखाटनाला याहून सोपा काळ नाही. पाचट पेटवतात त्या दिवशी मात्र बसू नका, धुरानं लांबचं सगळं पुसून जातं. आणि ताज्या तोडीच्या रानात बसण्याआधी काठी आपटून बघा. उसात लपलेले साप त्या दिवसांत बांधाला आणि पाचटाखाली येतात.

वेळेचं म्हणाल तर सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर. थंडीत नदीवर धुकं असतं तेव्हा लवकर जा. जवळचं झाड गडद, त्यामागचं फिकं, त्यामागचं नुसती छटा, असं अंतर आपोआप वेगळं होऊन समोर येतं. भर दुपारी सगळं सपाट दिसतं. तेव्हा घरात बसून आतल्या वस्तू काढा. जातं, फडताळ, माळ्यावरची शिडी.

फोटोचं विचारलंत. फोटोवरून काढू नका असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याकडून काय घ्यायचं ते ओळखा. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद असते. तिच्यात समोरचं अंगण पसरट होतं आणि मागचा डोंगर खुजा होतो. डोळ्याला कौलांवर चांगला चार बोटं दिसणारा डोंगर फोटोत नखाएवढा येतो. म्हणजे ज्या डोंगराच्या धाकात तुम्ही वाढलात त्याचा धाक पहिल्यांदा जातो. तसंच गोठ्याच्या दारातला अंधार. फोटोत तो सपाट काळा असतो. डोळ्याला त्या अंधारात गव्हाण दिसते, दावण दिसते, म्हशीच्या पाठीवरची उजेडाची रेघ दिसते. तुमच्या घरी काढलेल्या चित्रांत जीव वाटत नाही तो मला वाटतं इथं हरवतो. बैलगाडीची जोडणी, दरवाजाचं कोरीव काम असला बारकावा फोटोतून खुशाल घ्या. कुठून बघायचं, काय मोठं आणि काय लहान, हे मात्र जागेवर ठरवा, भले तिथं पंधरा मिनिटांचंच कच्चं रेखाटन झालं तरी.

सामानावर फार लिहीत नाही. २बी आणि ६बी अशा दोन पेन्सिली, जाड कागदाची ए५ वही, बसायला घडीचं स्टूल किंवा पोतं. रंग हवेत तर यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन आणि सॅप ग्रीन एवढ्यावर कृष्णाकाठ निघतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा होतो तो आपल्या काळ्या दगडाला अगदी लागू पडतो, तयार काळा वापरू नका. फाल्गुन-चैत्राच्या वाऱ्यात जलरंगाचा हात मारायच्या आधी कागद सुकतो, तेव्हा लहान लहान भाग घ्या. पावसाळ्यात उलटं, कागद सुकतच नाही, म्हणून तेव्हा मी फक्त पेन्सिल वापरते.

बाईमाणसानं एकटीनं बसायचं तर थोडी काळजी घ्यावी. घरी सांगून जा. जिथं कुणीतरी कामाला आहे अशा रानाच्या कडेला बसा, दुपारी नदीच्या सुनसान घाटावर नको. वडा-पिंपळाखाली बसताना वर आग्यामोहोळ नाही ना ते बघा. आणि लोक येणारच. रस्ता रुंद झालेल्या गावात कागद-पेन्सिल घेऊन बसलेली बाई दिसली की "मोजणीच्या बाई का?" हा पहिला प्रश्न. त्यांना वही दाखवा, मी अमक्याची लेक म्हणून सांगा. दोन मिनिटांत भीती जाते आणि माहिती सुरू होते: इथं चिंच होती, तिथं गुऱ्हाळ लागायचं, हा ओढा अमक्या साली फिरला. पुरात पाणी कुठवर आलं होतं ते २००५ आणि २०१९ चं वेगवेगळं हात करून दाखवतात. हे सगळं डाव्या पानावर घ्या. काढणारा माणूस समोर बसलाय म्हणून लोक बोलतात. नुसता मोबाइल धरून उभं राहणाऱ्याला एवढं कुणी सांगत नाही.

एकाच जागी पुन्हा पुन्हा बसण्याची भीड वाटत असेल तर ती सोडा. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसराची चित्रं किती वेगवेगळ्या प्रकाशात काढली, ती बघितली की एक तळं माणसाला आयुष्यभर पुरतं हे पटतं. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय तुमच्या माहेरापासून फार लांब नाही, तेही एकदा सवडीनं करा. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेली चित्रं त्या टेकडीवर बघायला मिळतात, राजा रविवर्म्यांची मूळ चित्रंसुद्धा. छापील चित्रात रंगाचा थर आणि ब्रशचा फटकारा कळत नाही, तो तिथं हातभर अंतरावरून बघता येतो. शाळेची सहल तिथं नेली की मुलं परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत यायची, हे मी कितीदा बघितलंय.

इथवरचं थोडक्यात: सुरुवात नव्या वस्तूपासून, मग मोकळ्या जागा, आठवण डाव्या पानावर, ऊस तुटल्यावरची वेळ, फोटो फक्त बारकाव्यापुरता. आता कडुलिंब.

नसलेलं झाड काढणं लबाडी नाही. पाहणाऱ्याला ते आज तिथं आहे असं भासवलं तर आहे. म्हणून त्याची जागा वेगळी ठेवा. आधी आज आहे तसं परडं पूर्ण करा, रस्ता, खांब, डांबराची कड, सगळं घेऊन. मग त्याच जागेवरून, त्याच मापात दुसरा कागद घ्या आणि घर-गोठा फिकट रेघेत उतरवा. कडुलिंब ह्या दुसऱ्या कागदावर येईल. घर-गोठ्याची मापं खरी असल्यामुळं झाडालाही खरं माप मिळेल.

ते माप कसं काढायचं? भावाला आणि शेजारच्या जुन्या माणसांना नेमके प्रश्न विचारा. 'झाड केवढं होतं' असं विचारलं तर सगळे 'लई मोठं' म्हणतील. त्यापेक्षा विचारा: मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी सावली कुठवर यायची? सांगली-साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो, सावली सरळ खाली पडते. तेव्हा कुणी म्हणालं की त्या वेळी सावली गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत असायची, तर फांद्यांचा घेर उंबऱ्यापर्यंत होता हे नक्की झालं. गोठ्याचा उंबरा तुमच्या कागदावर आहेच. तिथं खूण करा. मग विचारा, झोपाळा कुठल्या फांदीला होता, ती घराच्या बाजूला की रस्त्याच्या, आणि तिच्यावर चढायला कुणाच्या खांद्यावर उभं राहावं लागायचं. त्यावरून पहिल्या फांदीची उंची येते. खोडाला दोघा पोरांच्या हातांची मिठी पुरायची की तिसरा लागायचा, त्यावरून घेर. म्हैस कुठं बांधायचे, त्यावरून खाली मुळं किती वर आली होती. डाव्या पानावरची तुमची यादी इथं उपयोगी पडते, कारण तिच्यात 'दावण' लिहिलेलं असेल आणि दावण झाडाच्या कुठल्या अंगाला होती हे तुम्हाला तोवर आठवलेलं असेल.

फांद्यांचा ढंग हवा असेल तर गावातलाच दुसरा मोठा कडुलिंब गाठा आणि त्याच्याखाली बसून एक सकाळ फक्त फांद्या काढा. खोडावरची उभी भेगाळलेली साल, फांद्यांच्या टोकांना झुपक्यांनी लागलेला पाला, त्यातून दिसणारी आभाळाची छिद्रं. फाल्गुनात तो बराच पानं टाकतो आणि लगोलग तांबूस पालवी धरतो, त्या आठवड्यात सांगाडा सगळ्यात स्पष्ट दिसतो. तिथून फक्त ढंग घ्यायचा, मापं तुमच्या झाडाचीच.

काढून झालं की भावाला दाखवा. तो म्हणेल, फांदी इतकी खाली नव्हती, किंवा गोठ्याच्या अंगाला एक वाळकी ढोली (पोकळी) होती, तिच्यात पोपट असायचे. वाद घाला, खोडा, पुन्हा काढा. दोघांचं एकमत होत नसेल तर दोन्ही रेघा राहू द्या. कागदाच्या मागं तारीख, वेळ, कुणीकडं तोंड करून बसला होतात आणि कोणती गोष्ट कुणी सांगितली ते लिहा. क्रम मात्र मोडू नका: आजचं परडं पूर्ण झाल्याशिवाय दुसरा कागद हातात घ्यायचा नाही, मग त्यासाठी गावची एक फेरी जास्त करावी लागली तरी चालेल.